नदीकाठाच्या पुनर्विकासाचा निर्णय : मुळा-मुठेच्या निमित्ताने

बीजसंज्ञा : नदीकाठ, पूररेषा, पूरमैदान, नगरनियोजन, मुळा-मुठा, पंचगंगा, हिरण्यकेशी

प्रस्तावना

शहराच्या ऐन मध्यावरून वाहणाऱ्या नदीच्या काठावर जो मोकळा पट्टा असतो, तो नगरनियोजनाच्या दृष्टीने अत्यंत मोलाचा आणि म्हणूनच अत्यंत अवघड असतो. बाजारपेठेत, स्थानकाजवळ किंवा मुख्य रस्त्यालगत इंचभर जागा उरलेली नसते; नदीकाठी मात्र ती डोळ्यांना दिसत असते. आठ महिने तेथे गवत वाढते, राडारोडा पडतो, वाहने उभी राहतात, कोठे कपडे धुतले जातात, कोठे दशक्रिया होते. अशा जागेचे 'काहीतरी केले पाहिजे' याविषयी नागरिक, लोकप्रतिनिधी आणि प्रशासन यांच्यात सहसा मतभेद नसतो. मतभेद सुरू होतो तो काय करावे यावर. उद्यान, रस्ता, वाहनतळ, बाजार, घाट आणि निवासी संकुले यांचे चित्रमय आराखडे पुढे येतात व चर्चा त्या चित्रांभोवती फिरू लागते.

प्रस्तुत लेखाचे म्हणणे असे की, या चर्चेत जो प्रश्न सर्वांत शेवटी आणि बहुधा बंद खोलीत सुटतो, तोच वस्तुतः पहिला प्रश्न आहे : नदी कोठे संपते आणि काठ कोठे सुरू होतो? ही रेषा एकदा निश्चित झाली की पुढील बहुतेक निर्णय आपोआप ठरतात. ती कोणी, कोणत्या माहितीवर आणि कोणाच्या साक्षीने आखली, यावर प्रकल्पाचे बरेवाईट अवलंबून असते. हे स्पष्ट करण्यासाठी पुण्याच्या मुळा-मुठा प्रकल्पाचे उदाहरण मुख्यत्वे घेतले असून, त्याचा आदर्श ठरलेला साबरमतीचा प्रकल्प, नेदरलँड्समधील एक वेगळा प्रयोग आणि आपल्या पंचगंगेचा अनुभव यांचा आवश्यक तेवढा आधार घेतला आहे. हिरण्यकेशीच्या काठी वसलेल्या आजऱ्यासारख्या गावात बसून पुण्याच्या नदीविषयी का लिहावे, असा प्रश्न वाचकांस पडू शकेल. त्याचे उत्तर लेखाच्या उत्तरार्धात येईल.

निळी रेषा आणि लाल रेषा

नदीचे पात्र म्हणजे उन्हाळ्यात पाणी दिसते तेवढी जागा नव्हे. नदी पावसाळ्यात ज्या भूभागावर पसरते तोही तिचाच भाग असून त्याला पूरमैदान म्हणतात. महाराष्ट्रात पाटबंधारे विभागाच्या १९८९ च्या परिपत्रकापासून या भूभागासाठी दोन रेषा प्रचलित आहेत. सरासरीने पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी ढोबळमानाने निळ्या रेषेने दर्शविली जाते, तर शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी लाल रेषेने. नदी आणि निळी रेषा यांमधील क्षेत्र निषिद्ध, तर निळ्या व लाल रेषांमधील क्षेत्र नियंत्रित मानले जाते. २०२० च्या एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीनुसार निषिद्ध क्षेत्रात बाग, हिरवळ, खुले वाहनतळ, स्मशानभूमी, मैलापाणी शुद्धीकरण केंद्र यांसारखे मोजके उपयोग करता येतात. नियंत्रित क्षेत्रात बांधकाम करावयाचे तर ते लाल रेषेच्या पातळीपेक्षा ०.४५ मीटर उंचीवर असावे लागते.

येथे 'पंचवीस वर्षांतून एकदा' या शब्दांनी होणारा घोटाळा दूर करणे अगत्याचे आहे. एकदा पूर येऊन गेला की पुढील चोवीस वर्षे निर्धास्त, असा त्याचा अर्थ नाही. दरवर्षी असा पूर येण्याची शक्यता शंभरात चार आहे, एवढेच त्यातून सूचित होते. त्या हिशेबाने पंचवीस वर्षांच्या काळात असा पूर किमान एकदा येण्याची शक्यता सुमारे ६४ टक्के भरते. शिवाय हा हिशेब मागील नोंदींवर केलेला असतो. पाऊस पडण्याची रीतच बदलत असेल, वरच्या अंगाला डोंगरउतार उघडे झाले असतील, शहरातील जमीन काँक्रीटने झाकली गेली असेल, तर जुन्या नोंदींवरून काढलेली रेषा आजच्या नदीची रेषा राहत नाही.

दुसरी गोष्ट अंकगणिताची. नदीतून एका सेकंदाला किती पाणी जाते हे पात्राचा छेद आणि पाण्याचा वेग यांच्या गुणाकाराने मिळते. समजा, १५० मीटर रुंदीच्या पात्रातून सेकंदाला १,७०० घनमीटर, म्हणजे सुमारे ६० हजार क्युसेक पाणी अडीच मीटर वेगाने जात आहे. पाण्याची सरासरी खोली साडेचार मीटरच्या आसपास येईल. आता दोन्ही काठांवर भराव टाकून रुंदी १२० मीटर केली आणि वेग तोच राहिला, तर खोली ५.७ मीटरच्या घरात जाईल. प्रत्यक्षात खोलीबरोबर वेगही वाढतो. त्यामुळे वाढ एवढी होणार नाही, परंतु दोन फुटांहून थोडी अधिक नक्कीच होईल. सपाट शहरात दोन फूट म्हणजे एका संपूर्ण पेठेचा तळमजला.

यावर अभियंत्यांचे उत्तर असते, आणि ते निराधार नाही. खडबडीत, झुडपांनी भरलेल्या काठांऐवजी गुळगुळीत भिंत बांधली, मधले उंचवटे काढले व अडथळे हटविले, तर पाणी अधिक वेगाने निघून जाते आणि पात्र अरुंद करूनही पातळी वाढत नाही. हे गणित तेवढ्या टप्प्यापुरते बरोबर असते. परंतु त्यात तीन गोष्टी गृहीत धरलेल्या असतात. एक, भिंत आणि तळ वर्षानुवर्षे तसेच गुळगुळीत राहतील. दोन, वेगाने पुढे ढकललेले पाणी खालच्या गावांत कोठे तुंबणार, हा दुसऱ्याचा प्रश्न आहे. तीन, शहरातील ओढ्या-नाल्यांचे पाणी नदीत सहज शिरेल. शहरी पुराचा अनुभव सांगतो की, पुष्कळदा नदी काठ ओलांडून येतच नाही. नदीची पातळी नाल्याच्या मुखापेक्षा वर गेली की नाल्याचे पाणी मागे फुगते आणि नदीपासून दूर असलेल्या वस्तीत शिरते. काठावर उंच भिंत बांधल्याने हा धोका घटत नाही. नाल्यांच्या मुखांची व्यवस्था केली नाही तर तो वाढतोच.

साबरमतीचा नमुना

अहमदाबादच्या साबरमती नदीकाठ विकासाची कल्पना १९६० च्या दशकात बर्नार्ड कोन या वास्तुरचनाकारांनी मांडली होती. तिला मूर्त रूप मिळाले ते १९९७ मध्ये यासाठी स्वतंत्र कंपनी स्थापन झाल्यावर. २००५ मध्ये काम सुरू झाले आणि २०१२ पासून काठ टप्प्याटप्प्याने लोकांसाठी खुला झाला. शहरातील सुमारे अकरा किलोमीटर लांबीत नदीची रुंदी २६३ मीटर अशी जवळपास एकसारखी करण्यात आली. भराव टाकून सुमारे २०० हेक्टर जमीन मिळविण्यात आली. या जमिनीतील काही भाग विकून प्रकल्पाचा खर्च भरून काढावा, हे त्यामागील अर्थशास्त्र होते.

या प्रकल्पाने अहमदाबादकरांना नदीपर्यंत जाता येईल असा विस्तीर्ण सार्वजनिक पदपथ मिळवून दिला, हे मान्य करावयास हवे. गर्दीच्या भारतीय शहरात एवढी मोठी सार्वजनिक जागा निर्माण होणे ही सामान्य घटना नाही. तिची टिंगल करणाऱ्या टीकाकारांनी एखादी संध्याकाळ तेथे घालवावी. पण त्या जागेची किंमत कोणी दिली, हेही पाहिले पाहिजे. काठावर राहणाऱ्या दहा हजारांहून अधिक कुटुंबांना उठावे लागले. अनेकांना शहराच्या कडेला घरे मिळाली आणि रोजगार मात्र मध्यभागीच राहिला. न्यायालयात दाद मागितल्यानंतरच पुनर्वसनाची व्याप्ती वाढली. एलिस पुलाजवळ भरणारा शतकानुशतकांचा गुजरी बाजार मूळ आराखड्यात बसत नव्हता. विक्रेते न्यायालयात गेल्यानंतर त्याला नदीकाठावरच नवी जागा मिळाली. शिवाय शहरात दिसणारे भरलेले पात्र हे नर्मदा कालव्यातून सोडलेले आणि वासणा बंधाऱ्याने अडविलेले पाणी आहे. बंधाऱ्याखाली नदी मुख्यतः सांडपाण्याची असून तिच्या प्रदूषणाची दखल गुजरात उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये स्वतःहून घेतली.

साबरमतीचे पात्र वाळूचे, विस्तीर्ण आणि वर्षातील बराच काळ कोरडे असे होते. त्या नदीसाठी जो निर्णय काही अंशी समर्थनीय ठरतो, तो दुसऱ्या नदीसाठी ठरेलच असे नाही. नमुना उचलताना त्यामागील भूगोल मागेच राहून जातो, ही आपल्याकडील प्रकल्पांची जुनी खोड आहे.

मुळा-मुठेचा प्रश्न

पुणे महापालिकेने मुळा, मुठा व संगमानंतरची मुळा-मुठा या नद्यांच्या मिळून सुमारे ४४ किलोमीटर लांबीच्या काठांचा आराखडा तयार करून घेतला, तो साबरमती प्रकल्पाचे काम केलेल्या अहमदाबादच्याच संस्थेकडून. प्रारंभी सुमारे २,६०० कोटी रुपयांचा असलेला खर्चाचा अंदाज पुढे सुमारे ४,७०० कोटींवर गेला. ६ मार्च २०२२ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते भूमिपूजन झाले, त्या वेळी नऊ किलोमीटरच्या टप्प्यासाठी १,०८० कोटींहून अधिक खर्च सांगण्यात आला होता. काठाचे संरक्षण, मैलापाणी अडविणाऱ्या वाहिन्या, नागरी सुविधा, नौकाविहार अशी कामे त्यात होती.

मुठेची स्थिती साबरमतीहून मूलतः निराळी आहे. शहराच्या वरच्या अंगाला, थोड्याच अंतरावर खडकवासला आणि त्यामागे पानशेत, वरसगाव व टेमघर अशी धरणांची साखळी आहे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले, त्यापाठोपाठ खडकवासल्याचा बांध गेला आणि नदीकाठच्या पेठा वाहून गेल्या. पुण्याचा आजचा नकाशा पुष्कळ अंशी त्या दिवसानंतरचा आहे. धरणफुटीचा प्रसंग अपवादात्मक मानला, तरी धरणे भरल्यावर पाणी सोडणे हा अपवाद नसून दरवर्षीचा क्रम आहे. विसर्ग वाढला की बाबा भिडे पूल पाण्याखाली जातो आणि डेक्कनजवळचा नदीपात्रातील रस्ता बंद होतो, हे पुणेकरांच्या इतके अंगवळणी पडले आहे की 'नदीपात्रातील रस्ता' या शब्दप्रयोगातील विसंगती आता कोणाला खटकत नाही. त्याच पात्रात पुढे मेट्रोचे खांब आले. त्याविरुद्ध काही नागरिक २०१६ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात गेले होते. त्याआधी विठ्ठलवाडी ते वारजे या नदीकाठच्या रस्त्याचा पूररेषेत येणारा भराव काढण्याचा आदेश न्यायाधिकरणाने दिला होता. म्हणजे प्रत्येक वेळी एक तुकडा, प्रत्येक तुकड्याचे स्वतंत्र समर्थन आणि प्रत्येक तुकड्यानंतर थोडी अरुंद झालेली नदी, असा हा क्रम आहे.

२५ जुलै २०२४ च्या पहाटे सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीत पाणी शिरले. त्या दिवशी खडकवासल्यातून सोडलेला विसर्ग सुमारे ३५ हजार क्युसेकपर्यंत गेला होता. मुठेची निळी रेषा ६० हजार आणि लाल रेषा एक लाख क्युसेक विसर्ग धरून आखलेली आहे. धरणाखालच्या भागात झालेला पाऊस आणि ओढ्यांचे पाणी त्या विसर्गात मिसळले असणारच. तरीही गृहीत विसर्गाच्या बऱ्याच आत घरांत पाणी येते, याचा अर्थ कागदावरील रेषा आणि जमिनीवरील नदी यांत अंतर पडले आहे. हे अंतर किती आहे आणि ते कशामुळे पडले, हे मोजल्यावाचून काठावर नवी भिंत बांधणे म्हणजे रुग्णाची नाडी न पाहता त्याला नवे कपडे शिवण्यासारखे आहे.

दुसरा प्रश्न क्रमाचा. पुण्यातील मैलापाण्याचा मोठा भाग अनेक वर्षे पुरेशा शुद्धीकरणाविना नदीत जात आहे. त्यासाठी जपानच्या 'जायका' या संस्थेच्या अर्थसाहाय्याने ९९० कोटी रुपयांची योजना २०१६ मध्ये करारबद्ध झाली. सुमारे ४०० दशलक्ष लिटर क्षमतेची अकरा शुद्धीकरण केंद्रे तीत अंतर्भूत आहेत. प्रत्यक्ष कामाला हात लागेपर्यंत सहा वर्षे गेली आणि खर्च १,४७० कोटींच्या पुढे गेला. नदीकाठाचे सुशोभीकरण आणि नदीचे शुद्धीकरण अशा दोन स्वतंत्र योजना, दोन स्वतंत्र वेळापत्रके. दुर्गंधीयुक्त पाण्याकाठी बांधलेला पदपथ कोणी वापरणार नाही, हे सांगण्यास तज्ज्ञाची गरज नाही. तरीही दृश्य काम आधी आणि भूमिगत काम मागाहून, असेच घडते, कारण भूमिगत वाहिनीचे उद्घाटन छायाचित्रात दिसत नाही.

तिसरा प्रश्न जैविक आहे. येरवड्याजवळील डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्याचा परिसर आणि काठावरील जुनी झाडी हा नदीचाच भाग आहे. झाडे तोडण्याविरुद्ध २०२३ मध्ये पुणेकरांनी चिपको मोर्चा काढला. प्रशासनाचे उत्तर होते की, तोडलेल्या झाडांच्या अनेक पटींनी नवी झाडे लावली जातील. काठाची माती धरून ठेवणारी, वर्षातून काही दिवस पाण्यात उभी राहणारी करंज-उंबराची मुळे आणि दगडी बांधावर खड्ड्यात लावलेले रोप यांची संख्येने तुलना करता येते काय? एक झाड वजा, दहा झाडे अधिक हा हिशेब हजेरीपत्रकासाठी ठीक आहे. काठाला तो लागू पडत नाही.

जमीन कोणाची, निर्णय कोणाचा

महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम २० नुसार नद्यांची पात्रे ही सर्वसाधारणपणे राज्य शासनाच्या मालकीची असतात. पाणी सोडण्याचे आणि पूररेषा आखण्याचे काम जलसंपदा विभागाकडे, विकास आराखडा महापालिकेकडे, प्रदूषणावर देखरेख मंडळाकडे. या विभागणीचा परिणाम असा होतो की नदीचा संपूर्ण छेद एकाही टेबलावर येत नाही. महापालिकेच्या दृष्टीने नदी म्हणजे दोन काठ. जलसंपदा विभागाच्या दृष्टीने नदी म्हणजे विसर्गाचा आकडा.

नगररचनेच्या कायद्यात लोकसहभागासाठी एक वाट ठेवलेली आहे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ प्रमाणे प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध करून नागरिकांच्या हरकती व सूचना मागवाव्या लागतात आणि त्यांवर सुनावणी घ्यावी लागते. परंतु नदीकाठाचे प्रकल्प पुष्कळदा आराखड्याच्या वाटेने न येता स्वतंत्र प्रकल्प म्हणून, सल्लागार आणि निविदा यांच्या वाटेने येतात. नागरिकांसमोर जेव्हा सादरीकरण होते, तेव्हा रुंदी ठरलेली असते, भिंतीची जागा ठरलेली असते. मत विचारले जाते ते बाकांच्या रंगाविषयी. मग ज्यांना मूळ निर्णयाविषयी बोलावयाचे आहे त्यांना न्यायाधिकरणाखेरीज दुसरी जागा उरत नाही. पुण्यातील खटल्यांना 'विकासविरोध' म्हणण्याआधी ही गोष्ट ध्यानात घ्यावी.

आर्थिक बाजूही येथेच गुंतलेली आहे. प्रकल्पाने स्वतःचा खर्च स्वतः भागवावा अशी अट घातली की विकण्याजोगी जमीन किंवा वाढीव चटईक्षेत्र निर्माण करणे भाग पडते, आणि नदीकाठी नवी जमीन पात्रातूनच काढावी लागते. म्हणून अर्थव्यवस्थेचे सूत्र आधी आणि नदीची रुंदी नंतर ठरली की उत्तर भरावाचेच येणार. ज्या शहराला काठ सार्वजनिक हवा आहे, त्याने त्याचा खर्च रस्ता, शाळा किंवा रुग्णालय यांच्याप्रमाणे सार्वजनिक निधीतून करावा आणि तो परवडेल एवढाच करावा, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

मागे सरलेला काठ

याच प्रश्नाला उलट दिशेने दिलेले उत्तर नेदरलँड्समध्ये पाहावयास मिळते. १९९३ व १९९५ मध्ये तेथील नद्यांना मोठे पूर आले. १९९५ मध्ये सुमारे अडीच लाख लोकांना हलवावे लागले. शतकानुशतके बांध उंच करीत आलेल्या त्या देशाने यानंतर धोरण बदलले आणि 'नदीला जागा' या अर्थाच्या कार्यक्रमाखाली तीसहून अधिक ठिकाणी पात्रे मोकळी केली. नायमेखेन शहरासमोर वाल नदी एकदम अरुंद होत असे. तेथे बांध आणखी उंच करण्याऐवजी लेंट या पलीकडच्या काठावरील बांध सुमारे ३५० मीटर मागे घेण्यात आला, सुमारे पन्नास घरे हलविण्यात आली आणि नदीला समांतर असा दुसरा प्रवाह खोदण्यात आला. मोठ्या पुरात नदीची पातळी सुमारे ३५ सेंटिमीटरने कमी होईल अशी ही योजना २०१६ पर्यंत पूर्ण झाली. दोन प्रवाहांमध्ये जे बेट तयार झाले ते आज शहराचे उद्यान आहे. म्हणजे सार्वजनिक जागा तेथेही निर्माण झाली, शहराच्या मध्यावरच झाली. परंतु ती नदीला रुंदी देऊन.

नेदरलँड्सची संपन्नता आपल्याकडे नाही, पन्नास घरांना तेथे जशी भरपाई मिळाली तशी आपल्याकडे मिळत नाही, हे आक्षेप योग्य आहेत. मात्र हा विचार परका आहे असे म्हणता येणार नाही, आणि त्यासाठी आपल्याच जिल्ह्याकडे वळले पाहिजे.

कोल्हापूरची शिकवण

कोल्हापूरचे नाव देशभरातील पाटबंधाऱ्यांच्या पुस्तकांत ज्या एका रचनेमुळे गेले, ती म्हणजे 'कोल्हापूर पद्धतीचा बंधारा'. दगडी खांब कायमचे. त्यांच्या खाचांतील बरगे मात्र काढता-घालता येणारे. पावसाळ्यापूर्वी बरगे काढून नदी मोकळी करावयाची आणि पावसाळा ओसरल्यावर पुन्हा घालून पाणी अडवावयाचे. नदीशी झगडा न करता तिच्या ऋतूप्रमाणे आपण मागेपुढे व्हावे, हे तत्त्व या साध्या रचनेत आहे. नदीकाठाच्या पुनर्विकासालाही ते तंतोतंत लागू पडते. पाण्यात जाऊनही टिकणारे दगडी घाट, उचलून नेता येणारी दुकाने, पुरात बुडाले तरी बिघडणार नाही असे मैदान या गोष्टी बरग्यांसारख्या आहेत. तळघरातील वाहनतळ तसा नाही.

पंचगंगेच्या पुराची पातळी ज्या राजाराम बंधाऱ्यावर मोजतात, तेथे ३९ फूट ही इशारा पातळी व ४३ फूट ही धोका पातळी आहे. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेले. २०१९ च्या पुरानंतर शासनाने नेमलेल्या नंदकुमार वडनेरे समितीचा अहवाल २०२० मध्ये आला. पुराच्या कारणांमध्ये नदीपात्र व पूरमैदानातील अतिक्रमणांकडेही त्यात लक्ष वेधले आहे. या पार्श्वभूमीवर एक जुनी गोष्ट आठवते. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४० च्या दशकात उत्खनन होऊन सातवाहनकालीन वसाहतीचे अवशेष आणि रोमन बनावटीच्या पोसायडनची कांस्यमूर्ती मिळाली. दोन हजार वर्षांपूर्वी दूरदेशांशी व्यापार करणारे ते लोक नदीकाठीच राहत होते, पण टेकडीवर. आणि घाट कोठे बांधला गेला? खाली, पाण्यात. पुरात देवळे बुडतात, पूर ओसरल्यावर गाळ धुऊन पुन्हा पूजा सुरू होते. राहण्याची जागा आणि येण्याजाण्याची जागा यांतील हा फरक आधुनिक कोल्हापूरने सखल भागांत घरे बांधताना सोडून दिला.

हिरण्यकेशीच्या काठी

आता आजऱ्याकडे. आंबोलीच्या डोंगरात उगम पावणारी हिरण्यकेशी आजऱ्यावरून पुढे गडहिंग्लज, संकेश्वर असा प्रवास करीत कर्नाटकात घटप्रभेस मिळते. आजऱ्याजवळचे रामतीर्थ हे तिच्या काठावरील सर्वांत परिचित ठिकाण. संकेश्वर-बांदा महामार्गाच्या कामानंतर आजऱ्याचे स्थान बदलले आहे. गोवा व कोकणाकडे जाणारी वाहतूक गावातून जाते. ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाली आहे आणि जमिनीच्या व्यवहारांत नदीकाठच्या जागांना मोल येऊ लागले आहे. पुण्यात जे निर्णय बांधकामे झाल्यानंतर घ्यावे लागत आहेत, ते आजऱ्यात बांधकामे होण्यापूर्वी घेता येतील, हा येथे बसून पुण्याविषयी लिहिण्यामागील हेतू. मोठ्या शहरांना उपलब्ध नसलेली एक सोय लहान गावाकडे असते : रेषा अजून मोकळ्या जमिनीवरून जाते.

या कामात महाविद्यालयाचा वाटा केवळ चर्चासत्रापुरता असू नये. भूगोल विभागाला पात्राचे छेद मोजता येतील; पुलाजवळ, रामतीर्थावर आणि गावाच्या सखल बाजूला अशा ठरावीक जागांचे छेद दरवर्षी उन्हाळ्यात आणि पावसाळ्यानंतर घेतले, तर पाच वर्षांत गाळ व भराव यांचा जो आलेख मिळेल तो कोणत्याही सल्लागाराकडे असणार नाही. वनस्पतिशास्त्र विभागाला काठावरील झाडांची जातवार नोंद करता येईल. रसायनशास्त्राला पाण्याचे नमुने. मराठी व इतिहास विभागांचे काम सर्वांत निकडीचे आहे, कारण त्याला मुदत आहे : गावातील सत्तरी-ऐंशीच्या वयाच्या माणसांना विचारून २००५, २०१९, २०२१ आणि त्याआधीच्या मोठ्या पुरांचे पाणी कोठवर आले होते, कोणत्या देवळाच्या कोणत्या पायरीला, कोणत्या घराच्या उंबऱ्याला लागले होते, याच्या खुणा आताच नोंदविल्या पाहिजेत. अशा खुणांवर भिंतीवर रंगाने पट्टा ओढून वर्ष लिहावे. वाणिज्य विभागाने काठावर पोट असणाऱ्यांची, म्हणजे परीट, वीटवाले, मासे धरणारे, नदीकाठच्या मळ्यांतून भाजीपाला काढणारे यांची गणना करावी. कारण प्रकल्प आला की प्रथम हीच माणसे 'अतिक्रमण' या सदरात जातात.

असा दस्तऐवज नगरपंचायतीकडे विकास आराखड्याच्या वेळी हरकत वा सूचना म्हणून रीतसर दाखल करता येतो आणि त्याची सुनावणी घेणे बंधनकारक असते. छेद घेण्यास लागणारी साधने, म्हणजे समतलमापक, पट्टी, दोर आणि एक नाव, आजऱ्यात मिळू शकतात. मोजणीला सर्वांत योग्य महिना एप्रिल. तेव्हा पाणी उतरलेले असते आणि काठ उघडा पडलेला असतो.